आधी ताटाची डावी बाजू बदला

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

वय 54. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे, राहायला इंदिरानगरला. घरी आई, बायको आणि मी. मुलगा नोकरीनिमित्त बंगळूरला. आमच्या घरात वार कळायला कॅलेंडर लागत नाही. डब्यात मटकी निघाली की सोमवार, गिलकं निघालं की मंगळवार, मग बटाटा, मूग, मेथी, शनिवारी पिठलं. रविवारी सकाळी ठरलेल्या ठिकाणी मिसळ, तीही ठरलेल्या टेबलावर.

गेल्या दिवाळीत मुलाने आम्हाला कॉलेज रोडला जपानी-कोरियन पदार्थांच्या एका हॉटेलात नेलं. सुशीचा एक तुकडा तोंडात घातला, तो घशाखाली उतरेना. रामेनच्या वासानेच पोट भरलं. घरी येऊन बायकोने मुगाची खिचडी टाकली तेव्हा बरं वाटलं. पण खरं सांगतो, त्या अख्ख्या वर्षातली मला नीट आठवणारी संध्याकाळ तीच एक. बाकीचं वर्ष कुठे गेलं कळत नाही.

तेव्हापासून वाटतंय, नवीन काहीतरी खाऊन बघावं. दोन-तीनदा वेगवेगळी पाकिटं घरी आणली. बायको (ती अमळनेरची) म्हणाली, ‘अठ्ठावीस वर्षं जेवलात, आता माझ्या हातचं कडू लागायला लागलं का?’ आई माळकरी आहे. घरात अंडंसुद्धा येत नाही, चातुर्मासात कांदा-लसूण बंद. कंपनीत पेठ-सुरगाण्याकडची पोरं आहेत, त्यांच्या डब्यात काहीतरी निराळंच असतं, पण ती वेगळी बसतात.

या वयात हे खूळ आहे का? घसाच बंद होतो त्याला काय करू? आणि गणपतीत मुलगा येणार आहे, तो पुन्हा तसल्याच हॉटेलात नेणार. तेव्हा काय करू?

– इंदिरानगरचा एक वाचक

उत्तर

भाऊ,

खूळ नाही. तुमच्या पत्रातलं ‘बाकीचं वर्ष कुठे गेलं कळत नाही’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. सारखे दिवस आठवणीत एकमेकांत मिसळून जातात, हे खरंच आहे. ज्या दिवशी काही वेगळं घडतं तोच सुटा होऊन लक्षात राहतो. त्या संध्याकाळी तुमच्या घशाखाली काही उतरलं नाही, तरी तुम्ही जागे होतात. वास घेत होतात, मुलाच्या तोंडाकडे बघत होतात, घरी जाऊन खिचडी खावी असं मनापासून वाटत होतं. तेवढी जाग रोजच्या डब्याला लागत नाही. ती पुन्हा यावी असं वाटणं ही चांगली इच्छा आहे, आणि तिला वयाचा काही अडसर नाही.

एक आधी विचारून घेते. सगळ्याच जेवणाची चव कमी लागते का? उदबत्तीचा, फोडणीचा वास पूर्वीसारखा येतो ना? काही औषधांनी, मधुमेहाने, नाकाच्या जुन्या दुखण्याने चव आणि वास मंदावतात. तसं असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. पत्रावरून मला तसं वाटत नाही, कारण खिचडी तुम्हाला नीट गोड लागली.

आता वहिनींचं बोलणं. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंत, पण मला ते फार रास्त वाटलं. ‘आज काय करू?’ हा प्रश्न ज्या घरात रोज दोन वेळा एकाच बाईला सोडवावा लागतो, त्या घरात वार आणि भाजी यांची जोडी लागणारच. सोमवारची मटकी हा तुम्हाला कंटाळा दिसतो. वहिनींसाठी ती विचारपूर्वक लावलेली घडी आहे. आईंच्या दातांना झेपलं पाहिजे, चातुर्मासात चाललं पाहिजे, पहिल्या पाळीच्या आधी डबा भरून झाला पाहिजे, रविवारी मंडईतून आणलेली भाजी शुक्रवारपर्यंत टिकली पाहिजे, महिन्याचा हिशोब बसला पाहिजे. इतकं सगळं सांभाळून त्यांनी ही यादी बसवली. तुम्ही पाकीट आणून ओट्यावर ठेवलंत. तुमच्यासाठी तो बदल होता आणि त्यांच्यासाठी वाढीव काम, वर न बोललेला एक शेरा. कडू लागतं का, असं त्यांनी विचारलं यात नवल नाही.

म्हणून पहिली गोष्ट. नवीन पदार्थ वहिनींकडून करून घ्यायचा नाही. आठवड्यातलं एक रात्रीचं जेवण तुमच्याकडे घ्या, सुट्टीच्या आदल्या रात्रीचं सोयीचं पडेल. भाजी तुम्ही आणायची, निवडायची, चिरायची, करायची आणि नंतर कढईही तुम्हीच घासायची. कढईचं मुद्दाम लिहिते आहे. पुरुष एक दिवस स्वयंपाक करतात आणि ओटा दोन दिवस आवरावा लागतो, असं पुष्कळ घरांत होतं, आणि मग घरातल्या बाईला त्या नवीन पदार्थाचाच राग येतो.

दुसरी गोष्ट पान वाढण्याची. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं डावीकडे. भाजी, आमटी उजवीकडे. उजवीकडे पोट भरायचं आणि डावीकडे तीव्र चवीचं, चमचाभर, अधूनमधून बोटाने चाखायचं. या मांडणीत फार शहाणपण आहे. एकच चव सलग खात गेलं की तिची गोडी घासागणिक कमी होते आणि ताटातल्या दुसऱ्या चवीची मात्र तशीच राहते, हे बार्बरा रोल्स या संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोग करून दाखवलं. आपल्याकडे त्यासाठी डावी बाजू होतीच. तुमच्या घरात तिथे आता काय असतं? बहुतेक घरांत बरणीतलं एक लोणचं उरलं आहे. नवा पदार्थ आधी तिथे येऊ द्या. चमचाभर. वहिनींची भाजी, आमटी, पोळी जिथल्या तिथे राहील, तुमचं पोटही त्यावरच भरेल. डावीकडचं आवडलं नाही तर कुणाचं जेवण बुडत नाही, कुणाचा अपमान होत नाही.

घसा बंद होण्याबद्दल तुम्ही जरा ओशाळून लिहिलं आहे. त्याची काही गरज नाही. माणूस सगळं खाऊ शकतो, म्हणूनच नवीन काही तोंडाजवळ आलं की त्याचं शरीर आधी संशय घेतं. विषारी पाला किंवा नासलेलं अन्न यांपासून त्याच संशयाने आपल्या पूर्वजांना वाचवलं. कुणात तो जास्त असतो, कुणात कमी. 1992 मध्ये कॅनडातल्या पॅट्रिशिया प्लाइनर आणि कॅरन हॉब्डन यांनी तो मोजायला दहा विधानांची एक प्रश्नावली तयार केली, ती आजही वापरतात. जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून असंही दिसलं आहे की हा स्वभाव बऱ्याच अंशी उपजत असतो. तेव्हा मुलाने मिटक्या मारत खाल्लं आणि तुम्हाला जमलं नाही, यात तुमचं काही चुकलं नाही.

उपजत असला तरी हा संशय सवयीने विरघळतो. रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञांनी 1968 मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती आवडू लागते. लहान मुलांना एखादी भाजी आवडायला ती आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा चाखावी लागते, आणि आई-बाप तिसऱ्या वेळीच ‘याला आवडत नाही’ म्हणून मोकळे होतात. मोठ्यांचंही फारसं वेगळं नाही. म्हणून पहिल्या दिवशी निकाल देऊ नका. पहिल्यांदा हुंगलं आणि जिभेला लावलं तरी पुरे. पुढच्या आठवड्यात एक घास. मग तोच पदार्थ वेगळ्या हातचा, वेगळ्या पद्धतीने केलेला. इतकं करूनही नको वाटला तर खुशाल सोडून द्या.

त्या सुशीचं काय झालं तेही सांगते. गार भात, त्यात व्हिनेगरची आंबटगोड चव, वर समुद्राच्या वासाचं शेवाळ्याचं काळं पान, आणि दाताखाली चिकट. एका घासात चार अनोळखी गोष्टी, धरून बसायला ओळखीचं एकही नाही. घसा मिटला नसता तरच नवल. यापुढे एका वेळी एकच अनोळखी गोष्ट. भाजी नवी असेल तर भाकरी रोजची. भाकरी नवी असेल तर सोबत घरचा ठेचा. आणि जेवायच्या वेळी, भूक लागलेली असताना. टीव्हीसमोर, पोट भरल्यावर, ‘जरा बघू’ म्हणून चाखलेला पदार्थ कधीच न्याय्य वागणूक मिळवत नाही.

आता तुम्ही कंसात टाकलेल्या दोन शब्दांकडे येते. ‘ती अमळनेरची.’

भाऊ, तुमच्या आठवड्याची यादी मी नीट वाचली. मटकी, गिलकं, बटाटा, मूग, मेथी, पिठलं. यात खानदेश कुठे आहे? अमळनेरकडे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून कळण्याची भाकरी करतात. कडेने जाडसर, आत उडदाचा खमंगपणा, आणि तिच्यावर कच्चं तेल आणि ठेचा. फुणके, म्हणजे डाळीचे वाफवलेले मुटके करतात, कढीत बुडवून खायचे. उकळत्या रश्शात बेसन सोडून डुबुकवडे करतात. उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे, म्हणजे एक प्रकारचे पापड घालतात. सणाला उलट्या खापरावर, हातावर फिरवून पसरलेले मांडे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी वहिनी हे सगळं जिभेवर घेऊन तुमच्या घरी आल्या असणार. मग ते गेलं कुठे? बहुतेक सुनांचं जिथे जातं तिथेच. ‘आमच्याकडे असं करत नाहीत’ हे कुणी ओरडून म्हणावं लागत नाही. पहिल्या वर्षी दोनदा केलेला पदार्थ ताटात तसाच राहिलेला दिसला की तिसऱ्यांदा होत नाही. पुढे माहेरी गेल्यावरच खायचा, आणि आई-वडील गेले की तोही संपला.

तुमच्या घरात हे असंच झालं, असा आरोप मी करत नाही. पण विचारा. आज रात्रीच विचारा, आणि विचारताना ‘तू करून दे’ म्हणू नका. ‘तुझ्या आईकडे काय काय व्हायचं? त्यातलं एक मला शिकव’ असं म्हणा. त्यांनी स्टुलावर बसायचं, तुम्ही ओट्याशी उभं राहायचं. नवीन चव शोधत तुम्ही कॉलेज रोडपर्यंत गेलात, आणि जिच्या हातचं अठ्ठावीस वर्षं जेवलात तिच्या लहानपणीचं जेवण तुम्हाला माहीत नाही, हे मला बोचलं. म्हणून इतकं स्पष्ट लिहिते आहे. राग मानू नका.

फुणक्यांपासून सुरुवात करा, नवख्या माणसाच्या हातून ते फारसे बिघडत नाहीत. तूरडाळ आणि हरभराडाळ चार-पाच तास भिजवायची, पाणी काढून जाडसर वाटायची. अगदी गंध करायची नाही, डाळ दाताखाली लागली पाहिजे. त्यात मेथी किंवा कांद्याची पात बारीक चिरून, हिरवी मिरची, लसूण, जिरं, हळद, मीठ. हाताने मुटके वळायचे आणि मोदकपात्रात पंधरा-वीस मिनिटं वाफवायचे. सोबत पातळ, गरम कढी. फुणका ताटात कुस्करायचा, वर तेल किंवा तूप, मग कढी. आईंना मऊ लागतं ना? कढीत भिजलेला फुणका त्या सहज खातील. चातुर्मास लागला की त्यांच्या वाट्याचे कांदा-लसूण न घालता आधी वेगळे वाफवा. प्रमाण वहिनींना विचारा, प्रत्येक घरचं वेगळं असतं आणि इथे त्यांच्या आईचंच खरं. कळण्याचं पीठ गिरणीत दळून मिळेल. सिडकोत खानदेशातून आलेली कुटुंबं खूप आहेत, तिथल्या दुकानांत बिबडेही सापडतील.

आता कंपनीतला डबा. ‘ती वेगळी बसतात,’ असं तुम्ही लिहिलंत. ती वेगळी बसतात की सगळ्यांनी मिळून तसं बसायची रीत पाडली आहे, याचा जरा विचार करा. कोण कोणाच्या डब्यातलं खातो, हा आपल्याकडे नुसता चवीचा प्रश्न कधीच नव्हता. त्यामागे जात होती, गाव होतं, कोण वरचा आणि कोण खालचा हे होतं. तुम्ही सुपरवायझर आहात. तुम्ही अचानक त्या पोरांच्या टेबलाशी जाऊन ‘बघू काय आणलंय’ म्हणालात तर ती डबा पुढे करतील, पण अवघडून. त्याआधी काही दिवस तिथे नुसते बसा. तुमचा डबा आधी उघडा, तुमचं आधी वाढा. शनिवारचं पिठलं चांगलं, ते कुणालाही चालतं. मग कधीतरी ती आपणहून देतील. तुम्ही मांसाहार करत नाही हे मोकळेपणाने सांगून ठेवा. पहिल्या पावसात त्यांच्या डब्यात खेकडे असतील, मासळी असेल, ते नाकारताना तोंड वाकडं करू नका. फोटो काढू नका.

आणि मग तुम्हाला जे मिळेल ते कुठल्याही हॉटेलात मिळणार नाही. नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी, तांबूस-काळी, गरम असताना मऊ आणि गार झाली की चिवट. खुरासणी (कारळे) भाजून लसूण-मिरचीबरोबर कुटलेली चटणी. किंचित कडसर, तेलकट, आधी विचित्र वाटेल आणि मग तिच्याशिवाय भाकरी जाणार नाही. ही चटणी तुमच्या डाव्या बाजूला अगदी बसते. साल न काढलेल्या उडदाची दाट आमटी. 2023 हे भरडधान्य वर्ष म्हणून जगभर साजरं झालं, तेव्हापासून शहरात नागलीची बिस्किटं आणि लाडू जास्त दिसू लागले. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेव्हा वहिनींच्या आणि आईंच्या हाडांसाठीही ती चांगलीच. पण बिस्किटात नागली नावापुरती असते. भाकरी शिका. पीठ उकळत्या पाण्यात भिजवून मळायचं, थंड पाण्यात ते धरत नाही.

तुमचं पत्र चांगल्या वेळी आलं. पाऊस सुरू झाला की त्र्यंबक, हरसूल, पेठकडच्या बाया रानभाज्या घेऊन शहरातल्या बाजारांत बसतात. गिऱ्हाईक पालक-मेथीच्या गाड्यांकडे वळतं आणि त्या आपली पाटी समोर घेऊन बसून राहतात. मला वाटतं, आपल्या शहरातली सगळ्यांत नवीन चव त्या पाट्यांत आहे, आणि ती दोन-अडीच महिन्यांत संपते. सुरुवात करटोलीपासून करा: कारल्यासारखी काटेरी, पण कडू नाही, कांद्यावर परतली की कुणालाही आवडते. मग कुर्डूची कोवळी पानं, ती पालेभाजीसारखीच. टाकळा जरा तुरट-कडसर, त्यात थोडी डाळ घाला. ज्या बाईकडून भाजी घ्याल तिलाच विचारा की घरी कशी करता. ती सांगते, आणि नीट सांगते. पैशांची घासाघीस करू नका. ती जुडी गोळा करायला ती पहाटेपासून रानात फिरली आहे.

इथे सावध राहायला हवं. शेवळं स्वतःच्या मनाने करू नका. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे कण असतात, चिंच, काकड (रानातलं आंबट फळ) किंवा आमसुलाचा आंबटपणा न घालता शिजवली तर घशाला भयंकर खाज सुटते. तुमचा घसा आधीच संशयी, त्याला असा अनुभव द्यायला नको. शेवळं माहीतगाराच्या हातचीच खा. बांबूचे कोवळे कोंब, ज्यांना वास्ते म्हणतात, ते उकडून पाणी फेकून द्यावं लागतं. कच्च्या कोंबात विषारी अंश असतो. रानातून स्वतः काही उपटून आणायचं नाही, अळिंबी तर मुळीच नाही. आणि कुठलाही नवा पदार्थ खाल्ल्यावर ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास जड झाला, तर लगेच दवाखाना गाठा. ऑगस्टमध्ये, 9 तारखेच्या आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात. तिथे भाज्या ओळखायला आणि शिजवलेल्या चाखायलाही मिळतात. वहिनींना घेऊन जा.

मिसळ सोडू नका. रविवारच्या मिसळीने तुमचं काही बिघडवलेलं नाही. टेबल बदला, एखाद्या रविवारी दुसऱ्या पेठेतला काळा रस्सा बघा, इतकंच. एखाद्या सकाळी मिसळीऐवजी देवळाली कॅम्पात जाऊन दाल-पकवान खा. हरभऱ्याची दाट डाळ, कुरकुरीत मोठी पुरी, वर आंबटगोड चटणी आणि कच्चा कांदा. यात तुम्हाला अनोळखी असं एकही जिन्नस नाही, नुसती जुळणी नवी आहे. सिंधी घरांतला तो नाश्ता आहे. शेजारीपाजारीही बघा. ओझरला 1964 मध्ये विमानांचा कारखाना आला, नाशिकरोडला छापखाने आहेत, देवळालीला लष्कर. देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतली माणसं आपल्या शहरात आली, राहिली. तुमच्या इमारतीत एखादं ओडिया, मल्याळी किंवा बंगाली कुटुंब नक्की असेल. अनोळखी पदार्थ कुणाच्या तरी घरचा सोमवारचा डबा असतो. तो ज्याचा रोजचा आहे त्याच्याबरोबर बसून खाल्ला की कसा खायचा, कशाबरोबर, किती, हे आपोआप कळतं. अनोळखी हॉटेलात मेन्यूकार्ड हातात घेऊन हे कळत नाही. तुम्हाला त्या दिवशी हेच नडलं असं मला वाटतं.

आईंचं ताट मात्र तसंच राहू द्या. त्यांना काही चाखायला लावू नका. त्यांच्या पिढीने 1972 चा दुष्काळ पाहिला आहे; रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली आहे, रोजगाराच्या कामांवर सुकडी खाल्ली आहे. अनोळखी अन्न त्यांच्या ताटात आलं ते नाइलाज म्हणून. रोज तेच, वेळेवर आणि पोटभर मिळणं ही त्या पिढीला मोठी गोष्ट वाटते, आणि ती आहेच. जमलं तर त्यांच्याजवळ बसून त्या वर्षांबद्दल विचारा. त्या बोलतील. आणि त्यांच्या एकादशीच्या खिचडीकडेही एकदा नीट बघा: साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणा, मिरची, सगळं मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडचं, समुद्र ओलांडून आल्यावर आपल्याकडे रुजलेलं. कधीतरी कुणीतरी त्याचाही पहिला घास घाबरतच घेतला असेल. हे आईंना सांगायला जाऊ नका, तुमच्यापुरतं ठेवा.

आता गणपतीतल्या हॉटेलाचं. जा, जरूर जा. मुलगा बापाला आपल्या आवडीचं खाऊ घालू बघतो, यात त्याचं प्रेम आहे. चातुर्मास असेल, आई येणार नाहीत, त्यांचं जेवण करून निघा. मात्र या वेळी घरच्या रीतीचं आधीच विचारून घ्या. रामेनचं पाणी पुष्कळदा डुकराच्या हाडांचं किंवा कोंबडीचं असतं. जपानी सूपच्या पाण्यात सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. कोरियन किमचीत बहुधा माशाचा किंवा खाऱ्या कोळंबीचा रस घालतात. वरून नुसत्या भाज्या दिसल्या तरी फसू नका. वाढणाऱ्या मुलाला ‘यात मासळीचा सॉस आहे का, रस्सा कशाचा आहे’ असं सरळ विचारा, लाजायचं काही कारण नाही. तुम्ही बिबिम्बाप मागवा, अंडं आणि मांस न घालता. गरम भात, त्यावर वेगवेगळ्या परतलेल्या भाज्या आणि आंबवलेल्या मिरचीची लाल पेस्ट. भात ओळखीचा, तिखट ओळखीचं, तेव्हा अनोळखी म्हणायला त्या पेस्टची आंबूस चव तेवढी उरते. पेस्ट बाजूला मागा आणि थोडी थोडी कालवा. सुशी पुन्हा बघायची असेल तर मुलाच्या ताटातला काकडीचा एक तुकडा, तोही त्याने आग्रह केला तर. आणि त्याला विचारा, तू हे पहिल्यांदा कुठे खाल्लंस, कुणाबरोबर? बंगळूरला एकटा राहतो म्हणजे त्याच्याकडे सांगण्यासारखं बरंच असेल.

त्याला चतुर्थीनंतर निदान एक दिवस राहायला सांगा. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टाचं न खाण्याचा तो दिवस, म्हणून परसातल्या, हाताने खणून लावलेल्या भाज्यांची मिसळ भाजी होते. अळू, लाल माठाचे देठ, भेंडी, पडवळ, दोडका, सुरण, लाल भोपळा, मक्याच्या कणसाचे तुकडे, चिंचेचा किंवा आंबोशीचा आंबटपणा, मसाला जवळजवळ नाहीच. सकाळी लवकर बाप-लेकाने मंडईत जा. त्यातल्या निम्म्या भाज्या त्याला नावाने ओळखता येणार नाहीत. सुरण चिरताना हाताला तेल किंवा चिंचेचं पाणी लावायला विसरू नका, नाहीतर दोघंही दिवसभर खाजवत बसाल. त्या दिवशी वहिनींना उपास असेल, तर ओट्याशी त्या नकोतच. तुम्ही दोघं करा आणि त्यांना वाढा.

– तुमची ताई